डावा हात दोन बोटं वर

पुणे
२ डिसेंबर २०२४

बाबलीमामा,

ओळखलंत का? मी तन्वी, तुमच्या चुलतबहिणीची, शर्मिलाची मुलगी. आई म्हणाली, "मामाला फोन करू नकोस. त्याला ऐकू येत नाही, सगळ्याला 'हां हां' म्हणतो आणि ठेवून देतो. पत्र लिही." त्यामुळे दहावीच्या पेपरनंतर पहिल्यांदाच एवढं हाताने लिहिते आहे. अक्षराला हसू नका.

मी इथे सर्वेश सरांच्या स्टुडिओत फर्निचर डिझायनर आहे. जानेवारीत दिल्लीला मोठं प्रदर्शन आहे, त्यातच स्पर्धा. विषय आहे शाश्वत फर्निचर, म्हणजे ज्याने निसर्गाचं नुकसान होत नाही असं. मला एकदम तुम्हीच आठवलात! लहानपणी मे महिन्यात मिठबावला यायचो तेव्हा तुम्ही बांबूला खाचा पाडून, त्यात खुंट्या ठोकून एक बाकडं केलं होतं. त्यात एकही खिळा नव्हता. त्याच्यावर आम्ही सात पोरं नाचलो, तरी हललं नाही.

मला तशीच बिनखिळ्याची एक खुर्ची हवी आहे. सोबत चित्र पाठवते. ६ जानेवारीला टेम्पो येईल. म्हणजे वेळ भरपूर आहे ना?

तुमची लाडकी (असं माझं मीच ठरवलंय) भाची,
तन्वी

&nbsp;

मिठबाव
१० डिसेंबर २०२४

चि. तन्वी हिस बाबली मेस्त्री याचे आशीर्वाद. तुझे पत्र पावले. वाचून आनंद झाला. सदर पत्र शुद्ध भाषेत लिहावे असा माझा विचार होता, पण एवढ्यातच दमलंय. आता आपल्या भाषेत लिवतंय. आवशीक विचार, ती समजावन सांगीत.

चित्र बघितलंय. खुर्ची झकास आसा, पण पाय तीनच दिसतत. चवथो पोस्टात पडलो काय?

आता महत्त्वाचा. खुर्चेर बसतलो कोण? तेचा माप धाड. एक सुतळी घेवची, टाचेपासून गुडघ्यापर्यंत धरून गाठ मारूची. गुडघ्यापासून कमरेपर्यंत दुसरी गाठ. बसल्यावर कोपर खंय येता थंय तिसरी. ती सुतळी पाकिटात घालून धाड. माझ्या बापाशीन सांगून ठेवल्यान, बसतल्या माणसाचा माप घेतल्याशिवाय खुर्ची करू नये. माप न घेता बांबूची एकच वस्तू करतत, आणि तिच्यार कोण बसणा नाय, निजतत.

दुसरी गोष्ट. माझ्याकडे मुरलेलो बांबू एकाच खुर्चीपुरतो आसा. माणगो, आमचो भरीव बांबू. गेल्या वर्सा मार्गशीर्षात, काळोख्या पंधरवड्यात तोडलंय. महिनाभर खाडीच्या पाण्यात बुडवन ठेवलंय, मगे सावलेत सुकवलंय. असा केला तरच तेका भुंगो लागणा नाय. आणि तो बांबू तुझ्या मथुरामामीच्या खुर्चीसाठी ठेवललो आसा.

तिचे गुडघे गेले गो. जमिनीर बसली की उठाक येणा नाय. माका हाक मारता. आता माका हाक मारून काय उपयोग ता तुझ्या आवशीन तुका सांगलाच आसा. फाटल्या आठवड्यात ती नारळ खवूक अडाळ्यार बसली आणि मी मांगरात, माझ्या कामाच्या खोपीत, ठोकाठोकी करी होतंय. दीड तास तशीच बसान रवली. प्लॅस्टिकची खुर्ची आणून बघितलंय. उठताना तिना हातार भार दिल्यान, तर खुर्ची एका बाजूक आणि ही दुसऱ्या बाजूक. म्हणान मी ठरवलंय, ह्या वर्सा पयली तिची खुर्ची.

तेव्हा तुझा काम पुढच्या वर्साक. रागाव नको.

बाबलीमामा

&nbsp;

पुणे
१७ डिसेंबर २०२४

मामा,

पुढच्या वर्षी मी या स्टुडिओत असेन की नाही, देवाला माहीत! सर्वेश सर स्पष्ट म्हणाले, "तन्वी, दोन वर्षांत तू चहाचे ट्रे सोडून काय केलंस?" दिल्लीची एंट्री माझ्या नावावर आहे. खुर्ची झाली नाही तर मला ट्रेसुद्धा मिळायचे नाहीत. मामा, प्लीज. पाया पडते. (भेटल्यावर खरंच पडेन.)

प्रदर्शन पंधरा दिवसांचंच आहे. ते संपलं की खुर्ची सरळ मामींकडे. मी स्वतः घेऊन येते. शब्द! म्हणजे कुणाचंच काही अडत नाही.

मामींच्या गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. मोहरीच्या तेलात लसूण कडकडवून लावा, आमच्या शेजारच्या काकूंना खूप फरक पडला.

मापाचं काय, मामा, ती खुर्ची कुणा एकासाठी नाही ना. ती सगळ्यांसाठी आहे. तुम्ही स्टँडर्ड माप धरा. बैठक सतरा इंच, हात पंचवीस इंच. आणि चौथा पाय तुम्ही घाला, माझी काही हरकत नाही.

तन्वी

&nbsp;

मिठबाव
४ जानेवारी २०२५

तन्वी,

घरचा झाला थोडा आणि व्याह्यान धाडला घोडा, तशी माझी गत. पण शर्मिलाचा चेडू तू. पाया पडतंय म्हणून लिवलंस, तर माझो हात कसो थांबतलो? खुर्ची झाली. मगे टेम्पोवाल्याक दोष देव नको.

तू लिवलेल्या स्टँडर्ड मापाचो माणूस मी आमच्या वाडीत सोधलंय. एकय गावलो नाय. एकाचे पाय लांब, दुसऱ्याचो पाठीचो कणो वाकलेलो. शेवटी तुझ्या मामीच्या मापाची केलंय. नायतरी खुर्ची तिचीच आसा, पंधरा दिवस दिल्लीची हवा खावन येतली इतक्याच. तिचो उजवो मनगट तीन वर्सांपूर्वी मोडललो, त्या हातार तिका भार घेवक जमणा नाय. ती डाव्या हातार उठता. म्हणान डावो हात दोन बोटा वर घेतलंय. कोण विचारल्यान तर सांग.

चार दिवस ती बसली. पयल्या दिवशी आपली आपण उठली तेव्हा माझ्याकडे अशी बघल्यान, जशी काय मीच तिका इतकी वर्सा बसवन ठेवललंय. मगे परत बसली, परत उठली. आठ-दहा वेळा. माझ्याशी बोलूची वही घेतल्यान आणि लिवल्यान, "आता माझ्या मागे मागे फिरा नको." माझ्या डोळ्यात पाणी इला, आणि ता लपवक मी उगीच पटाशीक धार लावत बसलंय.

खिळो एकय नाय. दिल्लीवाल्यांका लोहचुंबक लावन बघाक सांग.

आता नीट वाच. नवो बांबू तोडूचो झालो तर तो ह्या माघाच्या काळोख्या पंधरवड्यात तोडूक होयो. होळी झाली की बांबूच्या बेटाक कोयतो लावणत नाय, बांबूत रस चढता, भुंगो खाता. तेव्हा खुर्ची परत येतली की नाय ता माका वेळेत कळव. येणा नसात तर मी तिच्यासाठी दुसरी करूची तयारी करतलंय. लाज वाटून घेव नको, पण खरा काय ता लिव.

बाबलीमामा

&nbsp;

पुणे
३ फेब्रुवारी २०२५

मामा! मामा! मामा!

पहिलं बक्षीस!!

कुठून सुरुवात करू? दोनशे दहा एंट्रीज होत्या. ज्युरी आपल्या खुर्चीभोवती अर्धा तास फिरत होते. आणि त्यांना सगळ्यात काय आवडलं सांगा? डाव्या हाताची उंची! एक परदेशी बाई म्हणाल्या, आजवर सगळ्या खुर्च्यांनी समतोलाची गुलामी केली, या खुर्चीने ती झुगारली. दुसरे एक जण म्हणाले, हे प्रस्थापिताला दिलेलं आव्हान आहे. मला विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मामा, खरं सांगते, त्या क्षणी मला काही म्हणजे काही आठवेना. तोंडातून निघून गेलं, "आमच्या कोकणात माड समुद्राकडे झुकतात, त्यांच्यावरून." टाळ्या!

सर्वेश सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मला आता स्वतंत्र टेबल मिळालंय, खिडकीजवळचं.

खुर्ची लवकरच येतेय. थोडी कागदपत्रं आहेत, तेवढी झाली की निघालीच. बांबू वगैरे तोडायची काही गरज नाही, तुम्ही अगदी निर्धास्त राहा! मामींना खूप खूप प्रेम. तेल लावताय ना?

तन्वी

&nbsp;

मिठबाव
१४ फेब्रुवारी २०२५

तन्वी,

शाबास गो बाय! सगळ्या वाडीक पेढे वाटलंय. तुझा पत्र तुझ्या मामीक वाचून दाखवलंय. "आव्हान" इला थंय तिना माका थांबवल्यान आणि वहीत लिवन विचारल्यान, "माझो मनगट मोडलो, ता आव्हान काय?" मी म्हटलंय, दिल्लीत तसाच म्हणत असतले.

माड झुकतत ता खरा. पण तेंच्यार टेकून उठाक गेलंस तर तोंडार आपटशीत. दिल्लीवाल्यांका माड कोणी दाखवक नसात.

तू लिवलंस म्हणान कोयतो परत खुंटयेक टांगलंय. बेटात जावक नाय. काळोखो पंधरवडो आता सुरू झालो, पण खुर्ची येताच आसा तर उगीच बांबू कित्याक तोडूचो? टेम्पोवाल्याक सांग, तिठ्यार उतरव. मी हातगाडी घेवन येतंय.

कधी येतली तो दिवस मात्र नक्की लिव. तुझी मामी विचारणा नाय. पण रोज सकाळी पडवी झाडताना खुर्चेची जागा सोडून झाडता.

बाबलीमामा

&nbsp;

पुणे
२० मार्च २०२५

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला, सॉरी. इतकी धावपळ चालली होती की जेवायलासुद्धा फुरसत नव्हती.

एक मोठ्ठी बातमी आहे. आधी बसून घ्या. आपली खुर्ची दिल्लीच्या एका संग्रहालयाने कायमच्या संग्रहासाठी घेतली! सर्वेश सरांनी परस्परच होकार दिला, पण अशा गोष्टीला नाही कोण म्हणणार? वेगळं दालन, वरून प्रकाश, भोवती दोरी. तिच्यावर आता कधीच कुणी बसणार नाही, म्हणजे तिला शंभर वर्षं ओरखडासुद्धा पडणार नाही. खाली पाटी आहे. माझं नाव, स्टुडिओचं नाव आणि "साहाय्य : स्थानिक कारागीर". तुमचं नाव घालायचं मी सांगितलं होतं, पण पाटी लहान होती म्हणे.

आणखी एक. खुर्चीचं स्कॅनिंग करून एका कारखान्यात तशाच साठ खुर्च्या बनवल्यात. अगदी सुताएवढाही फरक नाही. नाव ठेवलंय "मिठबाव"! फक्त सांधे यंत्राला जमत नाहीत, म्हणून आतून स्क्रू घातलेत. बाहेरून दिसत नाहीत.

मामींच्या खुर्चीचं माझ्या लक्षात आहे हं. पण तुम्हाला काय अवघड आहे! तुमच्या हातात जादू आहे, दोन दिवसांत दुसरी कराल.

तन्वी

&nbsp;

मिठबाव
१ एप्रिल

तन्वी,

ह्या पत्र मी लिवतंय, तुझी मथुरामामी. मामाक म्हायत नाय. तो मांगरात आसा आणि मी सयपाकघरात जमिनीर बसलंय. उठाक येणा नाय, म्हणान पत्र लिवक वेळ गावलो. वही हाताशीच होती, तेच्याशी बोलूक ठेवलेली.

तुझा पत्र वाचून मामान घडी घातल्यान आणि देवाच्या फोटोमागे ठेवन दिल्यान.  तो तुका काय लिवचो नाय. दिल्ली म्हटल्यार तेचा डोक्या फिरला, आणि आता लाज वाटता, माझी आणि तुझी दोघांची. म्हणान मी लिवतंय.

दोन दिवसांत दुसरी? कसली गो दुसरी? तू लिवलंस, बांबू तोडू नको, खुर्ची येताच आसा. तेनी तोडूक नाय. माघ गेलो. होळी झाली. आता पुढची दिवाळी होवन काळोखो पंधरवडो येयसर बेटाक हात लावचो नाय. मगे महिनो खाडीत, मगे सावलेत. म्हणजे माझी खुर्ची पुढच्या उन्हाळ्यात. हिरव्या बांबूची करा म्हटलंय, तर म्हणता, "बायलेक भुंगो लागलेली खुर्ची दिवक मी मेलंय काय?" असो माणूस. दुसऱ्याक मापाशिवाय खुर्ची करून दिणा नाय, आणि घरची बायल जमिनीर. दिव्याखाली काळोख.

आता तेनी काय केल्यान सांगू? एक लांब सुतळी घेतल्यान. एक टोक माझ्या हाताक, दुसरा आपल्या पायाक. मी ओढलंय की तो येता. परवा बोकड मधे इलो, सुतळीत पाय अडाकलो आणि मामा मांगराच्या दारात उताणो. चार दिवस लंगडता.

तुझ्या खुर्चेक दिल्लीत दोरी बांधली, हय माका बांधली.

माका राग इलो, तन्वी. रडूकय इला. चार दिवस मी आपली आपण उठललंय. ता मी विसरलंय नाय, ह्याच वाईट झाला. बसलंयच नसतंय तर बरा होता.

मोहरीचा तेल लावन झाला. आता आणखी उपदेश लिवलंस तर बघ. शिरा पडो त्या दिल्लीर.

मामा येता. पाय ओढलंय.

मथुरा

&nbsp;

पुणे
२४ मे २०२५

मामी, मामा,

हे पत्र मी आठ वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मामी, तुमचं पत्र आल्यावर मी मामांची तिन्ही पत्रं काढून परत वाचली. म्हणजे खरं तर पहिल्यांदाच वाचली. तुमचं उजवं मनगट, डावा हात, माघ, होळी, सगळं त्यात लिहिलेलं आहे. "कोण विचारल्यान तर सांग" असंही लिहिलंय. मला दिल्लीत विचारलं, आणि मी माड सांगितला. आईला पत्र वाचून दाखवलं. तिने मामांचं ते वाक्य मलाच पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं.

मी दिल्लीला जाऊन आले. संग्रहालयात म्हटलं, ही खुर्ची एका बाईची आहे, ती परत द्या. त्यांनी मला सरांनी पुढे केलेल्या कागदांवरची माझीच सही दाखवली. मी म्हटलं, निदान एकदा बसू तरी द्या. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, दोरीच्या मागे." मी डिझायनर आहे म्हटलं, तर म्हणाला सगळेच तसं म्हणतात.

आणि आता ऐका. साठ खुर्च्या विकल्या होत्या, त्यांतल्या त्रेपन्न परत आल्या. कुणाचा डावा खांदा भरून येतो, कुणाची कंबर धरते. एका बाईंनी लिहिलं, "खुर्ची सुंदर आहे, पण बसल्या बसल्या वाटतं की आपण दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर बसलोय." सर्वेश सरांनी मीटिंग घेतली. बांबूची चूक, हवामानाची चूक, ग्राहकांची चूक, सगळं झालं. शेवटी मी उठून सांगितलं की हे मिठबावच्या मथुरा मेस्त्री यांचं माप आहे, त्यांचं उजवं मनगट मोडलंय, आणि पूर्ण देशात या खुर्च्या फक्त त्यांनाच बसतील.  माझं खिडकीजवळचं टेबल आता दुसऱ्या मुलीला दिलंय. मी गोदाम सांभाळते. आजूबाजूला त्रेपन्न खुर्च्या आहेत, आणि सगळ्यांचे डावे हात दोन बोटं वर.

त्यांतली एक मागून घेतली आणि आज पार्सलने पाठवली आहे. मामी, ती तुमच्याच मापाची आहे. मामा, तिच्यात खिळे नाहीत, पण चौदा स्क्रू आहेत. तुम्हाला काय वाटेल ते मला कळतं. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मामींनी तिच्यावर बसावं. मला माफ करा असं लिहायचा धीर होत नाही. पण करा.

तन्वी

&nbsp;

मिठबाव
१२ जून २०२५

चि. तन्वी,

खुर्ची पोचली. तिठ्यार उतरवल्यानी, मी हातगाडी घेवन गेललंय.

पयल्यांदा उलटी करून बघितलंय. चौदा न्हय, सोळा स्क्रू आसत. दोन तुका सांगूक नायत. पेरार भोक पाडलेला आसा, पेर सोडून पाडूक होया होता. पण माप म्हणशील तर मापाक खोट काढूक जागा नाय. माझाच माप, दुसऱ्यान चोरून माकाच परत धाडलेला. मी ती तशीच पडवेत ठेवलंय आणि मांगरात जावन बसलंय. मनात म्हटलंय, मी मेलंय तरी माझ्या घरात स्क्रूची खुर्ची ठेवचंय नाय. उद्या परत धाडूया.

थोड्या वेळान माझ्या खांद्यार हात पडलो. वळान बघतंय तर तुझी मामी. वर्सभरात ती मांगरापर्यंत इलेली नाय. मी म्हटलंय, "कशी इलंस?" तिना हात झटकल्यान, म्हणजे चलान इलंय, आणखी कशी. आणि माका वहीत लिवन दाखवल्यान, "सुतळी सोडून घेवा. पायात येता."

आता खुर्ची परत कशी धाडू, सांग.

मगे मी तिका सांगलंय, काळजी करू नको, दिवाळी झाली की पयल्या काळोख्या पंधरवड्यात बांबू तोडतंय आणि तुका खरी खुर्ची करतंय, खुंटयेची. तर ती मान हलवता, नको म्हणान. मी म्हटलंय, कित्याक? ती लिवक तयार नाय. मी वही तिच्या हातात कोंबलंय. तेव्हा तिना लिवल्यान :

"तुमची करकरता. बसताना एकदा आणि उठताना दोनदा. ही करकरणा नाय."

पन्नास वर्सा मी खुर्चयो करतंय, तन्वी. तेतली वीस वर्सा माका ऐकू येणा नाय. ह्या वीस वर्सांत तालुक्यात किती खुर्चयो दिलंय तेचो हिशेब नाय. एकान म्हणून एकान माका सांगूक नाय. मी तिका विचारलंय, तू इतके दिवस कित्याक बोलूक नाय? तिना लिवल्यान, "तुमका वाईट वाटात म्हणान."

कालपासून मी वाडीत फिरान माझी एकेक खुर्ची चाचपून बघतंय. खुंटी सैल रवली असात, की खाच मोठी पडली? हातांका काय लागणा नाय, डोळ्यांका दिसणा नाय. शेजाऱ्यांका विचारलंय तर सगळे मान हलवतत, "नाय, नाय, झकास खुर्चयो." आता माका कोणाचोच भरवसो नाय.

तुका मी माफ केलंय. पण माझा एक काम कर. तू परत दिल्लीक जा. पहारेकऱ्याची नजर चुकव, दोरी वलांडून एकदा बस आणि एकदा उठ. आणि काय ऐकू येता ता माका लिव. खरा लिव. माका वाईट वाटात म्हणान खोटा लिवशीत तर माझी शपथ आसा तुका.

बाबलीमामा